मिटलेली चार पानं

पुस्तक वाचलं गेलंय की नुसतं घरात पडून होतं, हे मला ते न उघडता कळतं. मी बाइंडर आहे. पुस्तक टेबलावर आडवं ठेवायचं आणि पानांच्या कडेकडे बघायचं. जिथवर बोटं लागली तिथवर कड मळकट आणि मऊ होते, पुढे कोरी राहते. त्यातून पुस्तक रोज एक पान वाचायचं असेल, तर वाचणारा कुठल्या तारखेला दमला तेही सांगता येतं. आमच्या चर्चच्या मंडळीतली निम्मी माणसं फेब्रुवारीच्या मध्यावर दमतात. पाळकसाहेब मे महिन्यापर्यंत जातात. मी स्वतः अकरा मार्च. दरवर्षी. पुस्तक बदललं तरी अकरा मार्च.

आणि मावशी एकतीस डिसेंबर.

हे सगळं या मावशींबद्दल आहे. मी सांगतोय म्हणजे त्यात माझी शोभा होणारच, त्याला इलाज नाही. सगळे त्यांना मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. खरं तर त्या माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या आहेत.

मावशी शर्टाच्या कारखान्यात कॉलर लावतात. लांबलचक खोली, चाळीस मशीन, खिडकीकडची तिसरी त्यांची. बाही जरा इकडेतिकडे झाली तर खपून जाते, पण कॉलरची दोन टोकं एका रेषेत आली नाहीत तर चांगला सरळ माणूस आरशात वाकडा दिसतो. हे मला मावशींनीच सांगितलं, आणि एकदा नाही, तीनदा सांगितलं. नम्रपणा त्यांच्याकडे बेताचाच. मोठी मुलगी नर्स, धाकटी शाळेत शिकवते. या दोघींचा विषय निघाला की समोरच्यानं बसून घेतलेलं बरं. चहा पाणचट करतात. रांगेत पुढे घुसतात आणि वर आपल्यालाच विचारतात, ‘तुम्हाला घाई नाही ना?’

त्यांचे यजमान बस डेपोत मेकॅनिक आहेत. इंजिनांच्या आवाजानं त्यांचा डावा कान गेलाय. त्यामुळे मावशी पहाटे पाचला स्वयंपाकघरात त्यांच्या उजव्या कानाशी बसतात आणि त्या दिवसाचं पान मोठ्यानं वाचतात. त्यांच्या भिंतीला भिंत लावून चांभाराचं घर आहे. तो म्हणतो, ‘मला पुस्तक न्यायची गरजच नाही. माझं भिंतीतून येतं.’

आता त्या पुस्तकांचं सांगायला हवं. चर्चच्या बाजूच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात रोजच्या मननाची चाळीस-बेचाळीस जुनी पुस्तकं. सगळी तारखेवार, म्हणून ती आठवड्याच्या बोलीवर देऊन चालत नाही. एकदा नेलं की वर्षभर तुमचं. वर्षाच्या शेवटून दुसऱ्या रविवारी सगळी परत येतात (उरलेल्या दिवसांची पानं मावशी आधीच वाचून देतात), आठवडाभर माझ्या दुकानात डागडुजीला राहतात, तेव्हा मी कडाही घासून कोऱ्या करतो, आणि शेवटच्या रविवारी पुन्हा वाटली जातात. छापील नावं कोणी घेत नाही. एक आहे ‘जाडं’, रोज भरगच्च एक पान. एक ‘चिमुकलं’, त्यात रोजच्या दोनच ओळी. पश्चात्तापावरचं आहे त्याला ‘रडकं’ म्हणतात. वाचणाऱ्याला पानोपानी फैलावर घेणारं ‘खडूस’. आणि ‘दोनवेळचं’, म्हणजे सकाळचं एक पान आणि संध्याकाळचं एक. त्यातली संध्याकाळची पानं अजून नव्यासारखी कोरी आहेत. हे फक्त मला माहीत आहे.

कपाटाची किल्ली भूगोलाच्या सरांकडे असायची. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते कपाट सांभाळायचे. कोणाला कुठलं पुस्तक द्यायचं हे त्यांनी ठरवायचं, अशी पद्धत. पण लोक वहीत सही करायच्या आधी दारात मावशींना गाठायचे. ‘मावशी, यंदा कुठलं नेऊ?’

मग मावशी डॉक्टरसारखी चौकशी सुरू करायच्या. ‘उठतोस किती वाजता? घरात सध्या कोणाशी वाजलंय?’ चांभाराला त्या म्हणाल्या होत्या, ‘तू चिमुकलं ने. जाडं दिलं तर तू पुस्तकावरच चिडशील.’ बेकरीवाल्याची बायको गेली त्या वर्षी सगळे त्याच्या हातात रडकं कोंबत होते. मावशींनी ते काढून घेतलं. ‘याला रडायला पुस्तक कशाला लागतंय? खडूस द्या. रोज कोणीतरी ओरडायला हवं याला, तिची सवय आहे.’ माणूस उपासना संपल्यावर तिथल्या तिथे हसला, आणि नंतर रडला. त्याचं खडूस डिसेंबरात माझ्याकडे आलं तेव्हा कड नोव्हेंबरपर्यंत मळली होती.

माझ्या पोटात दुखायचं. सरळच सांगतो. एकोणीस वर्षं मी ती पुस्तकं शिवतोय, खळ लावतोय, पाठी चिकटवतोय. कुठल्याचा धागा सैल आहे, कुठलं उन्हात उघडून ठेवू नये, हे मला झोपेत विचारा. आणि मला दारात कोणी गाठत नाही. आमच्या घरीसुद्धा तेच. बायको भाजी चिरताना म्हणणार, ‘मावशी सांगत होत्या, आजच्या पानात फार चांगलं आहे.’ मी म्हणायचो, ‘पुस्तक मी शिवलंय.’ ती म्हणायची, ‘शिवलंयत हो. आत काय आहे?’

एका वर्षी तर मी हद्दच केली. माझ्याकडे खडूस होतं. अकरा मार्चला ते नेहमीप्रमाणे बंद पडलं. डिसेंबरात मी दुकानात बसून अंगठा खळीच्या भांड्याच्या बुडाला घासला आणि पुस्तकाच्या कडेवर शेवटपर्यंत फिरवला. छान मळलं. बायको जेवणाचा डबा घेऊन आली, तिनं बघितलं.

‘हे काय चाललंय?’

‘पूर्ण वाचल्यासारखं दिसतंय ना?’

‘दिसतंय. पण कडेवरून ओळखणारा गावात एकटा तुम्हीच. मग फसवताय कोणाला?’

मी तिला डबा ठेवून जायला सांगितलं.

गेल्या वर्षी सरांनी जाहीर केलं की ते मुलीकडे राहायला जाणार आहेत, कायमचे. शेवटच्या रविवारी कपाटाची किल्ली कोणाच्या तरी हातात देऊन जातील. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष लागेना. ती किल्ली मला हवी होती. हवी होती म्हणजे काय, ती माझीच होती असं मी धरून चाललो होतो. लोकांनी माझ्याकडे यावं, ‘यंदा कुठलं नेऊ?’ म्हणावं आणि मी जरा वेळ छताकडे बघून मग उत्तर द्यावं, इथपर्यंत माझी तयारी झाली होती. पण जो तो म्हणत होता, ‘किल्ली मावशींकडेच जाणार, दुसरं कोण आहे?’ चांभार तर माझ्या दुकानात उभं राहून, माझाच दोरा उसना मागताना हे बोलला.

पुस्तकं दुकानात आली. बुधवारी दुपारी मी जाडं हातात घेतलं. ते गेली अकरा वर्षं मावशींकडेच असतं, एकच प्रत आहे. कड बघितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी मळलेली, कुठे फिकं नाही, कुठे गडद नाही. इतका सारखा मळ बघून माझा जळफळाट झाला. काहीतरी खोट सापडावी म्हणून मी पान न पान चाळायला बसलो, आणि सप्टेंबरात बोट अडलं.

तिथे काय होतं ते नीट सांगतो. छापखान्यातून कागद मोठा येतो, त्याच्या घड्या घालून पानं होतात. एका घडीच्या गठ्ठ्याला आम्ही फर्मा म्हणतो. फर्मे शिवले की वरच्या बाजूनं मशीननं कापायचे, म्हणजे घड्या सुटून पानं मोकळी होतात. घडी कापायची राहिली, तर दोन पानं डोक्याशी जोडलेली राहतात आणि त्यांच्या आतल्या बाजू मिटलेल्या राहतात. जाड्या पुस्तकात नऊ ते सोळा सप्टेंबरची पानं तशी होती. नऊ दिसत होती, बारा-तेरा दिसत होते, सोळा दिसत होती. दहा, अकरा, चौदा आणि पंधरा घडीच्या आत. घड्या शाबूत. ब्लेड लागलेलं नाही, फाडलेलं नाही.

चार दिवस! मी खुर्चीवरून उठलोच. वर्षभर रोज वाचणाऱ्या मावशी! हिनं चार पानं उघडलीसुद्धा नाहीत, आणि सगळी मंडळी हिच्या तोंडाकडे बघत बसते! मनातल्या मनात मी मावशींना ‘हिनं’ म्हणालो, इतका मला आनंद झाला.

संध्याकाळी बायकोला दाखवलं. तिनं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. ‘ही घडी कापायची कोणी?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे हे पुस्तक कापतं कोण?’

‘तो मुद्दा नाही,’ मी म्हणालो. ‘मुद्दा असा आहे की वाचलेलं नाही.’

‘आधी त्यांना एकट्यांना विचारा. चार लोकांत बोलू नका.’

मी हो म्हटलं. विचारलं मात्र नाही. एकट्यात विचारून किल्ली मिळत नसते.

शेवटच्या रविवारी उपासनेनंतर बाजूच्या खोलीत वीसेक माणसं जमली. लाकडी बाकं, कपाट उघडं, पुस्तकं मी ओळीनं लावून ठेवलेली. फक्त जाडं माझ्या काखेत होतं. मावशी पुढच्या बाकावर, शेजारी यजमान, त्यांचा उजवा कान मावशींकडे. सरांनी खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा पुसला. म्हणाले, ‘किल्लीबद्दल मी मावशींशी बरंच बोललो, आणि आमचं असं ठरलं की...’

‘एक मिनिट, सर,’ मी उभा राहिलो. ‘नाव वाचायच्या आधी मंडळीनं एक गोष्ट बघावी.’

बायकोनं माझा सदरा मागून ओढला. मी तो सोडवून घेतला.

पुस्तक उघडून मी सगळ्यांसमोर धरलं. कुठल्या तारखा, कशी घडी, सगळं समजावून सांगितलं. आवाज चांगला लागला होता. ‘कपाट सांभाळणाऱ्यानं लोकांना रोज वाचायला सांगायचं असतं,’ मी म्हणालो. ‘आता ज्यांनी स्वतः चार-चार दिवस पुस्तक उघडलं नाही, त्यांनी काय सांगावं? मी कोणाचं नाव घेत नाही.’

घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना पुढच्या बाकाकडे वळल्या. मावशींचा चेहरा लाल झाला. त्या हातातल्या रुमालाची घडी करत राहिल्या. मला वाटलं, जिंकलो.

‘काय म्हणतोय तो?’ यजमानांनी विचारलं. एका कानानं ऐकणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

‘काही नाही. गप्प बसा,’ मावशी म्हणाल्या.

‘अगं पण काय दाखवतोय?’

चांभार वाकून त्यांच्या उजव्या कानात ओरडला, ‘सप्टेंबरची पानं! मिटलेली!’

‘हां हां! ती बोगद्याची!’ यजमान खूश होऊन हसले. ‘त्या पानांनी मान मोडली की आमची!’

‘अहो, गप्प बसा म्हटलं ना.’

पण ते कसले गप्प बसतात. उभे राहिले, माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि दोन बोटांनी ती घडी धरून, आत फुंकर मारून फुगवली. खरंच बोगद्यासारखी झाली. ‘असं धरायचं. खालून मी टॉर्च मारायचो, डेपोतला, आणि ही बाजूनं एक डोळा लावून वाचायची. एक ओळ वाचायची, मग पुस्तक फिरवायचं. एका पानाला पाऊण तास! मला कामाला उशीर झाला दोन दिवस. मी म्हटलं, ब्लेड आणतो, सर्रकन कापू. तर ही म्हणते, नाही, पुस्तक मंडळीचं आहे. आपण कापलं तर वाकडं जाईल. आणि म्हणते, बाइंडरांच्या हातून राहून गेलंय, लोकांना कळलं तर त्यांना वाईट वाटेल, कुठे बोलू नका.’ मग त्यांना काहीतरी आठवलं. ते मावशींकडे बघून हळू आवाजात, म्हणजे साधारण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाले, ‘बोलायचं नव्हतं, नाही का?’

खोलीत कोणीतरी खाकरलं.

मला आठवलं. आदल्या डिसेंबरात त्या पुस्तकाचा सप्टेंबरातला एक फर्मा पाण्यानं कुजला होता. छापखान्याच्या जुन्या गठ्ठ्यात तसाच एक न वापरलेला फर्मा मी शोधून काढला, घडी घातली, शिवला. तो इतरांपेक्षा केसभर खाली बसला, आणि मशीनचं पातं त्याच्या डोक्यावरून गेलं. मी बघितलंच नाही. तेव्हा मी कड बघत होतो, मावशींचं मागचं वर्ष कुठे फिकं पडलंय का ते शोधत होतो.

अजूनही माझ्यातला हलकट माणूस म्हणत होता, कशावरून खरं? मी खिशातली सुरी काढली. सगळ्यांसमोर घडी कापली, चौदा तारीख उघडली. खालच्या कोपऱ्यात काळा कुळकुळीत अंगठा उमटला होता. तेलकट, प्रत्येक रेघ दिसत होती. तसला अंगठा शाईचा नसतो, खळीचा नसतो. तो इंजिनाखाली झोपणाऱ्या माणसाचा असतो. मळ ओळखण्यात माझी चूक होत नाही.

‘पुसायला गेलो तर आणखी पसरलं,’ यजमान ओशाळून म्हणाले. ‘भरून द्यायला लागेल का?’

मी नाही म्हणून मान हलवली.

सर इतका वेळ चिठ्ठी हातात धरून उभे होते. आता त्यांनी ती माझ्यापुढे धरली. ‘तुम्हीच वाचा,’ ते म्हणाले. चिठ्ठीवर माझं नाव होतं.

‘मावशींनीच सुचवलं होतं,’ सर म्हणाले. ‘मी त्यांना विचारलं, त्यांनी तुमचं नाव सांगितलं. आता बोला, काय करू मी?’

चांभार म्हणाला, ‘फाडा ती चिठ्ठी.’ दोघातिघांनी माना डोलावल्या. मी खाली बघत होतो. बायको कुठे बघत होती ते बघायची माझी छाती झाली नाही.

‘फाडायची काही गरज नाही,’ मावशी म्हणाल्या. आवाजात माया वगैरे काही नव्हती, चांगल्याच रागावल्या होत्या. ‘मला शनिवारी ओव्हरटाइम असतो, मला जमणार नाही. आणि पुस्तकं त्यांना कळतात. माणसं कळत नाहीत. बसून बसून कळतील.’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘आणि पुढच्या वेळी मला वाईट म्हणायचं असेल तर माझ्या घरी येऊन म्हणा. दार उघडं असतं.’

मी माफी मागितली. पुटपुटलो, खरं सांगायचं तर. त्या ‘हं’ म्हणाल्या आणि यजमानांना बाकावर बसवायला लागल्या.

किल्ली माझ्याकडे आहे. आता वर्ष होईल. लोक येतात, वहीत सही करतात, पुस्तक नेतात, पण कुठलं न्यायचं हे दारातच ठरवून येतात, आणि मी काही बोलत नाही. एकदा एक नवीन लग्न झालेली मुलगी आली. तिला कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. तिनं मला विचारलं, ‘काका, मी कुठलं नेऊ?’ एकोणीस वर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न. मी तिला म्हणालो, ‘मावशींना विचारून ये.’

हवं ते हातात आलं की पोटातली आग विझेल, असं मी धरून चाललो होतो. विझली नाही, तिनं घर बदललं. आता मला त्यांच्या वाचनाचा हेवा वाटत नाही, सल्ल्यांचा वाटत नाही, किल्ली तर माझ्याच खिशात आहे. मला हेवा वाटतो त्या बहिऱ्या मेकॅनिकचा. मी तीस वर्षांच्या संसारात बायकोबरोबर एक पानही वाचलं नाही, आणि हा माणूस पहाटे पाचला कामावर जायची वेळ टळत असताना पाऊण तास टॉर्च धरून उभा राहिला, तिला एक ओळ दिसावी म्हणून.

हे मी काल बायकोला सांगितलं. तिनं हातातली सुरी आणि भाजी बाजूला ठेवली. ‘तुम्ही कधी बोलावलंत मला?’ तिनं विचारलं.